महादूची आय

इंदूर, ता. १८ नोव्हेंबर १९५६

दादूस,

पाकिटावरचं अक्षर तुला ओळखू आलं नसेल. मी तिसरीतून उठलो तेव्हा माझा 'ज' खाटेसारखा आडवा पडायचा. आता उभा राहतो. इथे एका मराठी वाचनालयात शिपाई आहे. खुर्च्या मांडायच्या, पाणी भरायचं, पुस्तकांवरची धूळ झटकायची. झटकता झटकता वाचायलाही लागलो. खाऊनपिऊन बरा आहे. चार वर्षांत एक कार्ड टाकलं नाही म्हणून तू जे काय बोलशील ते मी इथूनच ऐकलं असं समज आणि पुढे वाच. काम घाईचं आहे.

जानेवारीत आपल्या बाजूला माणसं येणार आहेत. इथल्या मंडळाची एक हौस आहे. दर हिवाळ्यात एका थोर कादंबरीकाराचा मुलूख पायी हिंडायचा. पुस्तक हातात, वाटाड्या पुढे. पुस्तकातली माणसं जिथून गेली तिथून जायचं आणि ठरलेल्या जागी थांबून एक पान वाचायचं. गेल्या साली नर्मदेच्या काठाने गेले होते. पाय सुजून आले, पण महिनाभर दुसरं बोलणं नव्हतं. यंदा कैलासवासी दत्तोपंत उपळेकर ठरलेत. म्हणजे लाँचने उरण आणि तिथून खाडीखाडीने चालत पनवेल.

पुस्तक कोणतं ते तुला कळलं असेल. 'भरतीचा नैवेद्य'. तू वाचलं नाहीस, मी वाचलंय, आता दोनदा. पुस्तकात गावाचं नाव खारवंडी आहे. समुद्राचा बांध फुटतो, खांड पडते. (खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड, हे मला इथे सगळ्यांना हाताने दाखवून सांगावं लागतं.) खारं पाणी भातात शिरतं. खांड काही केल्या बुजत नाही, तेव्हा बांधाचा कारभारी तुळाजी आपली बायको चंद्रकला हिला जिवंत खांडीत घालतो आणि वर माती लोटतो. मग बांध उभा राहतो. तुळाजीच्या डाव्या हाताला चार बोटं आहेत. आपल्या बाच्या, तुळशीराम कारभाऱ्याच्या, हाताला किती आहेत ते तुला सांगायला नको.

मंडळींना वाटाड्या हवा होता. मी तिकडचा, म्हणून मला धरलं. नाही म्हणता आलं नाही, नोकरीचा प्रश्न आहे.

तर तू एवढं कर. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बाला आत्याकडे धाड. ती आजारी आहे म्हण, काहीही म्हण. तो घरात नसला म्हणजे झालं.

जगन


इंदूर, ता. ९ डिसेंबर १९५६

दादूस,

तुझं कार्ड पोचलं. 'त्या लोकांना मोहोखारात आणलंस तर पाय मोडीन. बा म्हणतो, येऊ दे.' एवढंच. कुणाचे पाय ते लिहिलं नाहीस. माझे असतील तर मी येतोच आहे.

बा येऊ दे म्हणतो ते वाचून मी कार्ड उलटं करून पाहिलं, मागे आणखी काही असेल म्हणून.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट झाकून ठेवली. मला कुणी धरलं नाही. सहलीच्या पुढारी सत्यवतीबाई, इथल्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवतात. खारवंडी कुठे असेल ते त्या नकाशावर कैक वर्षं शोधत होत्या. उपळेकरांनी मनाने रचलेलं गाव असेल असं त्यांनीही मानलं होतं. मी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणालो, बाई, ते आमचं मोहोखार. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू तांब्याच बोलला. त्या दिवसापासून मला खुर्चीवर बसायला सांगतात.

का सांगितलं ते आता लिहितो. मी पनवेलला शकीलच्या हॉटेलात कपबश्या विसळत होतो तेव्हा एक गिऱ्हाईक हे पुस्तक मोठ्याने वाचायचं आणि बाकीचे ऐकायचे. चार बोटं आली तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तसाच चालत घरी आलो. बा ओटीवर दोर वळत होता. तू दारात होतास. मी म्हणालो, बा, आयला बांधात घातलीस? त्याने दोराचा पीळ सोडला नाही. म्हणाला, घातली. आणि पुढे वळत राहिला. मी तुझ्याकडे पाहिलं, तू कोयंड्याकडे पाहिलंस. मी दांडीवरचा सदरा ओढला आणि निघालो. तुमच्यातलं कुणी वेशीपर्यंतही आलं नाही.

तेव्हा मी पंधराचा होतो. माझ्यासारख्या पोराला त्याने एका शब्दात वाटेला लावलं. शिकल्यासवरल्या माणसांनी विचारलं तर पूर्ण सांगावं लागेल, असं माझ्या मनात होतं. म्हणून आणतोय त्यांना. आता तुला काय म्हणायचं ते म्हण.

पण एक माणूस माझ्या हिशेबात नव्हता. दयारामजी. होळकर सरकारच्या वेळचे फौजदार, आता पेन्शनीत. कादंबऱ्या वाचत नाहीत, पायाला व्यायाम म्हणून सहलीला येतात. गाव खरं आहे म्हटल्यावर त्यांनी पुस्तक मागून घेतलं आणि एका बैठकीत संपवलं. मग मला बाजूला बोलावून म्हणाले,

"जगन, खुनाला मुदत नसते. वीस वर्षं होवोत की चाळीस."

हे ऐकलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता वाटत नाही. रात्री डोळा लागत नाही असं लिहिलं तर तू हसशील, तरी लिहितो.

खांड पडली तेव्हा तू दहा वर्षांचा होतास, मी पाळण्यात. तू ते पाहिलंस का? हो की नाही एवढंच लिही. मी सहल वळवीन, नाहीतर नोकरी सोडून देईन. पण लिही.

जगन


उरण, ता. ५ जानेवारी १९५७

दादूस,

तू लिहिलं नाहीस. ठीक आहे.

आम्ही काल मोऱ्याच्या धक्क्याला उतरलो. हे पत्र मिठाच्या गाडीबरोबर धाडतोय, ते आज दिवस मावळायच्या आत तुझ्या हातात पडेल. पडलं पाहिजे.

मंडळी दहाबारा आहेत. बायकांनी कॅनव्हासचे बूट घेतलेत, पुरुषांनी गळ्यात पाण्याच्या बाटल्या टांगल्यात. मिठागरावर सत्यवतीबाईंनी पहिलं पान वाचलं. त्यात मिठाच्या राशींना 'मृत्यूचे शुभ्र डोंगर' असं काहीतरी म्हटलंय. बाई वाचतात फार छान, गळा भरून येतो त्यांचा. मीठ ओढणारी एक सखूबाई फावडं टेकून ऐकत होती. वाचून झाल्यावर तिने पदराने घाम पुसला आणि मला हळूच विचारलं, कोन मेलाय रं ह्यांचा? मी म्हटलं कुणी नाही, पुस्तकात. ती म्हणाली, मंग टोप्या कशाला काढल्यान?

इतक्या दिवसांनी हसलो. ते हसू फार टिकलं नाही.

दयारामजींनी लाँचवरच मला कठड्याशी गाठलं होतं. चार बोटांचा कारभारी गावात आहे का? मी म्हणालो, मेला. तो कधी मेला, कशाने मेला, हे त्यांनी विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, तुझ्या चेहऱ्यावर सुतक दिसत नाही, भाई. हा म्हातारा तीस वर्षं चोरांची तोंडं वाचत आला आहे. माझं पान त्याने कितीसं वाचलं ते मला ठाऊक नाही. तो कारभारी माझा बाप आहे हे अजून कुणाला माहीत नाही. आडनावावरून कळेल अशी भीती होती, पण इथे मला कुणी आडनाव विचारलेलंच नाही.

परवा सकाळी मोहोखार. आता मला त्या माणसाला बासमोर उभं करायचं नाही. का, ते विचारू नको. इंदुरात बसून जे बरोबर वाटत होतं ते खाडीचा वास आल्यापासून वाटेनासं झालंय.

तर ऐक. मी मंडळींना गावात आणत नाही. बाहेरच्या जुन्या बांधाने, उघाडीवरून काढतो. (आमच्यात पाणी सोडायच्या दाराला उघाडी म्हणतात, हे मी आता सवयीने तुलाही सांगायला लागलो.) तिथे दुसरीच एक जागा दाखवतो, ही ती खांड म्हणून. बाई पान वाचतील, आणि मी त्यांना सरळ कर्नाळ्याच्या वाटेला लावीन. तू परवा पहाटेच गाडी जुंप आणि बाला पनवेलला घेऊन जा. बाजार कर म्हणावं, चष्मा दाखव म्हणावं. संध्याकाळपर्यंत परत फिरू नको.

माझ्यावरचा राग राहू दे. एवढं मात्र कर.

जगन


कर्नाळ्याचा पायथा, ता. ७ जानेवारी १९५७

दादूस,

तू गाडी जुंपून गेलास हे मला कळलं. बा अर्ध्या वाटेत लघवीला म्हणून उतरला आणि परत गाडीत चढला नाही, हेही कळलं. त्यानेच सांगितलं. तू पनवेलच्या रस्त्याला त्याला शोधत होतास तेव्हा तो आमच्यासमोर होता. काय झालं ते तुला त्याच्या तोंडून कधी कळणार नाही, म्हणून मी लिहितो. बुधाजी गाडीवान सकाळी तिकडे जाणार आहे, त्याच्या हाती देईन.

मी ठरल्याप्रमाणे मंडळींना उघाडीच्या पलीकडे नेलं, जिथे आपण लहानपणी चिखलात निवट्या मासे धरायचो. तिथे बांध थोडा वाकलेला आहे. मी म्हणालो, इथेच. बाईंनी पुस्तक उघडलं. कुणीतरी झेंडूची फुलं आणली होती, ती वाहिली. एका बाईंनी डोळे पुसले. आणि मला पाठीमागून खोकला ऐकू आला. चार वर्षांनी ऐकला तरी बाचा खोकला मला कळतो.

बा बांधावर उभा होता. काठी, लंगोटी, खांद्यावर घोंगडी. मला त्याने पाहिलं, पण ओळख दाखवली नाही. फुलांकडे बघून त्याने विचारलं,

"ह्या कुनाचा देव?"

कुणी काही बोलायच्या आत दयारामजींची नजर त्याच्या काठीवरच्या हाताला गेली. मी बघत होतो. त्यांनी बोटं मोजली. मग जवळ गेले, फार अदबीने, मामलेदाराशी बोलावं तसे. आपण इथले कारभारी का. बा म्हणाला, व्हतो. खांड पडली त्या वर्षी? व्हतो. मग त्यांनी आवाज जरासुद्धा न चढवता विचारलं,

"बायको खांडीत घातलीस?"

"घातली," बा म्हणाला.

सत्यवतीबाईंच्या हातातलं पुस्तक मिटलं. दयारामजी माझ्याकडे वळले आणि म्हणाले, ऐकलंस ना, नीट ऐकून ठेव, साक्षीला लागशील.

दादूस, मी ऐकलं. ओटीवर ऐकलं होतं तोच शब्द, त्याच आवाजात. पण ओटीवर मी आलो होतो तो शकीलच्या हॉटेलातून, डोक्यात पुस्तक भरून. आता समोर बांध होता, चिखल होता, आणि बा आपल्या बोलीत बोलत होता. आपण कसं म्हणतो? लावणीला दहा माणसं घातली. उघाडीवर दोन माणसं घातली. खांड पडली की घरटी एक माणूस घालायचा. घातला म्हणजे कामाला धाडला. इतका सोपा शब्द. मी लहानपणापासून बोलत आलो, आणि त्या दिवशी तो मला छापलेल्या अर्थाने ऐकू आला. त्या उपळेकरांनाही तसाच ऐकू आला असेल. ते निदान परगावचे होते.

मी म्हणालो, साहेब, आमच्यात माणूस घालणं म्हणजे कामावर पाठवणं.

"आमच्यात म्हणजे कुणाच्यात?" दयारामजींनी विचारलं.

"हा माझा बाप आहे."

ते बोलून गेल्यावर मला फार हलकं वाटलं.  बाने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे धडपणे पाहिलं आणि म्हणाला, वाळलास रं.

मी वाटाड्या, म्हणून वाटलं की आता वाट संपली. शब्दाचा अर्थ लागला, बाप सुटला, चला कर्नाळ्याला. पण बा थांबला नाही. सत्यवतीबाईंनी त्याला खाली बसायला सांगितलं, तो बसला नाही. उभ्यानेच सांगत राहिला. तुला ठाऊक आहे ते सगळं मी आज ऐकलं. नारळी पुनवेचं उधाण, दुपारची भरती. घरटी एक माणूस हा ठराव त्याचा स्वतःचा. कारभारी बांधावर असला तरी त्याच्या घराचा माणूस वेगळा, हाही त्याचाच ठराव. तो घरांची नावं पुकारत होता. स्वतःच्या घराचं नाव आलं. गाळलं असतं तर त्याला कुणी विचारणार नव्हतं. त्याने पुकारलं. आय मला पाळण्यात ठेवून आली. ती खांडीच्या तोंडाशी होती आणि बांध तिच्या अंगावर घसरला.

दयारामजींनी विचारलं, बाहेर काढली? बा म्हणाला, पानी चढत व्हता. लोक त्याच्याकडे बघत थांबले होते. खांड उघडी राहिली असती तर सगळं भात गेलं असतं, जमीन तीन वर्षं खारट झाली असती.

"मग काय केलंस?"

"माती टाका म्हनालो."

"तेव्हा ती जिवंत होती?"

बाने खाडीकडे पाहिलं.  भरती नव्हती, चिखलात बगळे फिरत होते.

"ठाव नाय," तो म्हणाला.

मग दयारामजी म्हणाले की हे पनवेलला ठाण्यावर सांगावं लागेल. बा म्हणाला, चला. सत्यवतीबाई म्हणाल्या, दयारामजी, पुरे करा. त्यावर ते शांतपणे म्हणाले, बाई, पुस्तकातल्या ह्याच मरणावर तुम्ही व्याख्यानं देता. बाईंनी पुस्तक पदराखाली घेतलं. आता त्या इथे डाक बंगल्याच्या पायरीवर बसल्यात, बूटही काढलेले नाहीत.

परवा आम्ही पनवेलला पोचतो. बाने ठाण्यावर येईन म्हणून शब्द दिलाय. तू त्याला अडव. कोंडून ठेव. अर्थ सांगून मी त्याला सोडवला असं मला वाटलं होतं, पण त्याला सुटायचंच नाही.

आणि तुला एक. बोलता बोलता बा म्हणाला, महादू टोपल्या देत व्हता. माती टाका म्हटल्यावरही देत होतास का, ते मी विचारलं नाही. विचारणारही नाही. चार वर्षं मी तुला मनातल्या मनात भेकड म्हणत आलो. तू कोयंड्याकडे का पाहिलंस ते आज कळलं.

जगन


पनवेल, ता. १० जानेवारी १९५७

दादूस,

काल तू ठाण्यासमोर वडाखाली उभा होतास. मी पाहिलं. तू बाला अडवलं नाहीस, आणि आतही आला नाहीस. मी हात केला तेव्हा तू पाठ फिरवून निघालास. त्यामुळे पुढचं तू पाहिलं नाहीस, आणि मला हे पत्र लिहावं लागतंय. खरं सांगायचं तर मला लिहायला सांगितलंय. कुणी ते शेवटी येईल.

बा मोहोखारापासून चालत आला, आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून. लग्नाला निघाल्यासारखा. पनवेलच्या वेशीपासून ठाण्यापर्यंत दयारामजी त्याच्या शेजारून चालले. मी दोन पावलं मागे. मला वाटलं ते त्याला उलटसुलट विचारून गुंतवतील. ते फक्त पाण्याचं विचारत होते. उधाणाचं पाणी किती वेगाने चढतं. खांड दुपारी पडली तर संध्याकाळपर्यंत कुठवर जातं. खारावलेल्या जमिनीवर पहिल्या वर्षी काय उगवतं. बा एकेकाचं उत्तर देत होता. काय उगवतं म्हटल्यावर म्हणाला, काय पन नाय.

ठाण्याच्या पायरीशी दयारामजी थांबले. माझ्याकडून पाणी मागून घेतलं, पायरीवर बसून प्यायले. आत एक शिपाई आम्हाला बघून टोपी घालायला लागला होता. मी बाचा दंड धरला.  दयारामजी उठले, धोतर झटकलं आणि मला म्हणाले,

"मुदत नसते हे खरंच आहे. पण मी आता फौजदार नाही."

आणि बाला नमस्कार करून सरळ मोटार अड्ड्याकडे गेले. मंडळी तिथे खोळंबली होती. सत्यवतीबाईंनी मला निरोप धाडला की इंदूरची जागा तुझी आहे, ये तेव्हा ये. मी गेलो नाही. मोटार गेली.

मला वाटलं, सुटलो. बा मात्र त्या पायरीवर तसाच उभा. टोपी घातलेल्या शिपायाने बाहेर येऊन विचारलं, काय काम हाय, बाबा? बाला बोलता येईना. मी म्हणालो काही नाही, आणि त्याला ओढतच शकीलच्या हॉटेलात आणलं. शकीलने फडकं मारून कोपऱ्यातला बाक दिला. मला म्हणाला, क्यूं मियाँ, कपबश्या वाट बघतायत. मग बाचं तोंड पाहिलं आणि पुढची थट्टा गिळून गल्ल्यावर जाऊन बसला.

चहावर साय धरली तरी बाने कप उचलला नाही. मी म्हणालो, बा, झालं आता, संपलं. तो म्हणाला, सांगायचा राह्यला.

मला वाटलं तो तेच पुन्हा सांगणार. दादूस, ते नव्हतं. बांधावर त्याने सगळं सांगितलं नव्हतं. ते सांगायलाच तो ठाण्यावर निघाला होता. सरकारला सांगेन, सरकार काय ती शिक्षा देईल, असं त्याच्या मनात होतं.

बांध घसरायच्या आधी त्याला तडा दिसला होता. तो वर उभा होता, आय खाली खांडीच्या तोंडाशी पाठमोरी वाकलेली. तिला सरकायला सांगायला वेळ होता. फार नाही, पण होता. त्याने हाक मारली. आपल्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. त्यानेही कधी घेतलं नव्हतं, तिला नेहमी पहिल्या पोराच्या नावाने हाक. तो ओरडला, महादूची आय, मागं सर. महादूची आय.

आपल्या गावात महादू किती होते ते तुला माहीत आहे. त्या दिवशी बांधावर महादूच्या तिघीचौघी आया होत्या. त्या सगळ्या मागे सरल्या. आयने मान वर करून पाहिलं. बाकीच्या सरल्यात, तेव्हा त्यांच्यातल्याच कुणाला तरी म्हणतोय असं तिला वाटलं असेल. ती परत वाकली.

बा म्हणाला, "नाव घेऊन वरडलो असतो तर सरली असती."

आणि वीस वर्षं तो हे बोलला नाही ते तुझ्यासाठी. लोकांनी बळी दिला म्हटलं, पुस्तकात छापलं, पोटचा पोर घर सोडून गेला, तरी नाही. तुझं नाव त्यात होतं म्हणून. तू म्हणशील माझ्या नावाने गेली. मी त्याला म्हणालो की महादू आता मुलाबाळांचा आहे, समजेल त्याला. तो म्हणाला, मला त्याच्यापुढं नाय बोलता येत. तू लिव्हायला शिकलास, तू लिव्ह. म्हणून लिहिलं. तुझा दोष आहे असं त्याला वाटत नाही, मलाही नाही. तूही तसं वाटून घेऊ नको. हे वाक्य मी तीन वेळा खोडून लिहिलंय, तरी नीट जमलेलं नाही.

मी पनवेललाच आहे, शकीलकडे. तू बोलावल्याशिवाय घरी येणार नाही. बोलाव.

आणखी एक राहिलं. बाचं सांगून झालं तेव्हा मला एकदम उमगलं की मला तिचं नाव माहीत नाही. तू आय म्हणायचास, गाव महादूची आय म्हणायचं, माझ्या शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव. पुस्तकात ती चंद्रकला आहे, आणि मंडळींपैकी कुणीही खरं नाव विचारलं नाही. मीही नाही. तेव्हा तिथे बाकावर विचारलं.

बाने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग अगदी बारीक आवाजात, मलाही जेमतेम ऐकू येईल असं म्हणाला, ठमा. मी मान हलवली. त्याला ते पुरलं नाही. बाकाची कड धरून तो उठून उभा राहिला आणि दाराकडे तोंड करून पुन्हा म्हणाला, या वेळी छाती भरून, "ठमा."

शकीलने गल्ल्यावरून मान वर केली आणि विचारलं, कुणाला हाक मारतोस, चाचा?

जगन